कॉलवर मी रोवेना

३ नोव्हेंबर
आजपासून नोकरी! टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग कंपनी, बोळिंजच्या भाड्याच्या खोलीपासून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. चिपळूणला आईला कळवलं, तर तिने "आमची हेमांगी लागली" म्हणत आळीभर पेढे वाटलेसुद्धा. पगार बरा, एसी गार, कॉफी फुकट. साहेब जितेश अगदी गोड बोलणारे. रोवेना म्हणून कुणीतरी सोडून गेली, तिचा परदेशी क्लायंट मला मिळालाय.

६ नोव्हेंबर
खरी मेख आज कळली. क्लायंटला रोवेनाच हवी असते. म्हणून कॉलवर कॅमेरा बंद आणि मी रोवेना! शेजारच्या टेबलावरच्या फ्लॉसीला विचारलं, तर म्हणाली, "अगं, माणूस बदललं ते क्लायंटला कशाला सांगायचं? फुकटचा डोक्याला ताप." राबायचं मी, शाबासकी रोवेनाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता.

२२ नोव्हेंबर
शनिवार असूनही कॉल. न केलेल्या कामाचे तास टाइमशीटमध्ये भरा, केलेल्याचे विसरा. त्यात ओळखपत्र आलं: फोटो माझा, नाव रोवेना. संताप संताप झाला. खोलीवर आले तर डबा देणाऱ्या विमलाकाकूंनीही रोवेना म्हणून हाक मारली. माझं नाव सांगितलं, तर हसल्या. मस्करी करतेय असं वाटलं त्यांना.

१ डिसेंबर
राजीनामा दिला. म्हटलं, नोकरी नको, माझं नाव तेवढं परत करा. जितेशसाहेबांनी लॅपटॉपमध्ये बघितलं आणि सांगितलं, हेमांगी हे नाव रिकामं पडलं होतं, ते दुसऱ्या मुलीला देऊन टाकलंय. खुर्ची द्यावी तसं!

७ डिसेंबर
फ्लॉसीकडून पत्ता काढून अर्नाळ्याला गेले. माझ्याआधीची रोवेना. तिचं खरं नाव अक्षया. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी एकटीच बसली होती. सख्खा भाऊ तिला घरात घेत नाही. माझ्यादेखत तो ओरडला, "आमची अक्षया आत जेवते हाय. तू कोन?" मी खिडकीतून डोकावले. आत खरंच एक मुलगी जेवत होती. हुबेहूब हिच्यासारखी—

९ डिसेंबर
आईला फोन केला. माझा आवाज ऐकून अहो-जाहो करायला लागली. म्हणाली, हेमू तर माझ्या शेजारी बसलीय, आपण कोण बोलताय? माझी आई! मी रडले तर फोन ठेवला. उद्या पहाटेच्या एसटीने जाऊन तिच्यासमोर उभी राहते, मग—

१० डिसेंबर
निघणार इतक्यात लिफ्ट थांबली. बाहेर आईचा आवाज! विचारतेय, हेमू, हीच का गं तुझी खोली? धावत दाराशी जायला हवं—

कुणीतरी तिला म्हणतंय, हो आई, थांब, चावी आहे माझ्याकडे.

आवाज माझाच आहे. कुलूप फिरतंय. आई, उघडू देऊ नकोस तिला, मी आत आहे, मी—