पहिलं बाळंतपण माहेरीच

२ जानेवारी १९३७, शनिवार. इतवारी, नागपूर

दाराला कुलूप! तारीख कळवली होती, वर माणसाकडून निरोपही धाडला होता — तरी कुलूप! धाकटे भाऊजी माझी ट्रंक धरून ओट्यावर उभे. काय सांगू त्यांना? म्हटलं, आई देवळात गेली असेल, तुम्ही निघा, पारशिवनीची मोटार सुटेल. गेले बिचारे. मी पोट सावरत पायरीवर बसले. समोरच्या यमुताई दारातून बघत होत्या. मी आपली न बघितल्यासारखी.

शेवटी मागच्या गोठ्याकडून जयवंता आली. माझी बहीण, अकरा वर्षांची. हाताला बैलांच्या ढेपेचा वास, पोलकं खांद्यावर उसवलेलं. मला बघून हसली नाही. आधी विचारलं, "ताई, जेवली काय वं?"

आई दिवेलागणीला उगवली. केसांत शेवंती, हातात कुणाकडचा तरी चिवडा. "अगंबाई! आज येणार होती काय तू? मले वाटलं पुढचा शनिवार!" आणि खळखळून हसली. ती हसली की अख्खी इतवारी तिच्यासोबत हसते. मला नाही आलं हसू.

५ जानेवारी

पहिलं बाळंतपण माहेरीच — सासूबाईंनी ठणकावून सांगितलं. "लेकीले आईच पाह्यजे अशा वेळी." त्यांची काही चूक नाही. लग्न झाल्यापासून मीच त्यांना ऐकवत आले — माझी आई असे लाडू करते, माझे बाबा मला असे हातांवर झेलतात! सासरी दुसरं काय सांगतात? बाबांच्या हातात मी उभ्या जन्मात बैलांचे कासरे तेवढे पाहिले, हे सांगू?

भोगा आता शामलाबाई, स्वतःच्या तोंडाचे भोग.

८ जानेवारी

दूध मागितलं. पेलाभर! बाबा अडतीवरून जेवायला आले होते, त्यांना म्हटलं, देवकी सुईण रोज दूध घ्यायला सांगते. बाबा म्हणाले, "पटापर्यंत थांब ना वं जरा. दूध जोडीले लागते."

जोडी म्हणजे पाखऱ्या आणि बादल. शंकरपटाच्या शर्यतीत पळणारे बाबांचे बैल. त्यांना दूध, अंडी, सरकी, वर तूप. थंडीत अंगावर झूल. त्यांच्या पायात काटा रुतला तर बाबा रात्र जागतात. जयवंताला काल ताप होता, तिला त्यांनी विचारलं — "बैलाईले पाणी दावलं काय?"

माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, बाबा, मलाही चार पाय असते तर बरं झालं असतं! ते हसले. त्यांना ती मस्करी वाटली.

१४ जानेवारी, संक्रांत

हे आले. तिळगूळ, माझ्यासाठी काळं लुगडं, जयवंतासाठी बांगड्या. आई घरात नाही! जावई संक्रांतीला दारात, आणि सासू वाण लुटायला गावात.

जयवंतानं आणि मी मिळून पुरणाचा घाट घातला. आठव्या महिन्याचं पोट घेऊन पाट्याशी बसवेना, तर ती म्हणाली, "सरक तू." तिनं पुरण वाटलं. ह्यांनी दोन पोळ्या मागून घेतल्या. म्हणाले, सासूबाईंच्या हाताला चव आहे. मी म्हटलं, हो ना! शेजारी बोलावलं म्हणून आत्ताच गेली.

जयवंता माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघून भांडी गोळा करायला लागली.

सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं की मला परत न्या. तेवढ्यात बाबा आले नि ह्यांना गोठ्यात घेऊन गेले, जोडी दाखवायला. दिवस तिथेच मावळला. जाताना ह्यांनी विचारलं, बरं आहे ना सगळं? मी म्हटलं, छान आहे.

मूर्ख!

तसंही आठव्यात प्रवास करत नाहीत. नववा लागेपर्यंत हलता येत नाही.

२० जानेवारी

आज आई दिवसभर घरी होती. माझे केस विंचरले, गाणी म्हटली, माझ्या पोटाला कान लावून बाळाशी बोलली. किती गोड बोलते! एवढ्यावर मी विरघळले. मनात म्हटलं, आपणच वाकड्या. हिला जमेल, वेळ आली की करेल सगळं.

२७ जानेवारी

करेल! करते ती!

दुपारी न्हाणीत पाय घसरला. पडले नाही, रांजण धरला, पण कळ आली आणि लुगड्याला लाल डाग. आई हळदीकुंकवाला गेलेली. कुणाकडे, ते सांगून नाही गेली. जयवंता धावली. ह्या गल्लीत, त्या गल्लीत, भांडेबाजारापर्यंत. सापडली आई. जयवंतानं सांगितलं, ताईला रक्त दिसून राहिलं. आई म्हणाली, "हो हो, आलीच मी, एवढं अत्तर लावून घेतो."

जयवंता तिथे थांबलीच नाही. तशीच देवकीकडे गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. देवकीनं निजवलं, पोट तपासलं. बाळ हलतंय म्हणाली. डाग थांबला. मग तिनं चुलीकडं बघितलं, जयवंताकडं बघितलं. "बाई, बाळंतीण म्हणजे काय खेळ हाय? या घरात तुले गरम पाणी कोण देईन? हे पोट्टी?"

आई आली तेव्हा दिवे लागले होते. ओटीत बोरं, ऊस, हरभरे. "पहिलटकरणीले असं होतच असते वं. उगाच घाबरवून टाकलं पोट्टीनं मले." आणि बोरं माझ्यासमोर ठेवली.

२८ जानेवारी

झोप नाही. बाळू आठवतो.

माझ्या नि जयवंताच्या मधला भाऊ. दोन वर्षांचा. बाबा पटाला गेले होते, आई मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाला. मी आठ वर्षांची, मांडीवर तो. तापानं फणफणलेला. मी कपाळावर ओलं फडकं ठेवत होते, कारण यमुताई तसं करतात हे पाहिलं होतं. भर दुपारी तो गप्प झाला. मला वाटलं झोपला. बरं वाटलं मला! मी त्याला हलवलंसुद्धा नाही, जागा होईल म्हणून.

आई किती रडली नंतर! सगळी इतवारी तिला धरून बसली होती. मला कोणी काही विचारलं नाही.

माझं बाळ या घरात जन्मायला नको. इतकंच. आणखी काही नको मला.

६ फेब्रुवारी

नववा लागला.

८ फेब्रुवारी

परवा लांबच्या गावी शंकरपट. बाबा, गडी कवडू, दोन गाड्या, सगळा लवाजमा निघाला. आणि आईही! तिथे तिची बहीण असते, तिच्याकडे हळदीकुंकू आहे म्हणे.

मी म्हटलं, आई, माझे दिवस भरत आले.

"अवं, अजून महिना हाय तुले! मी येतो ना दोन दिवसांत. अन् जयवंता आहेच की."

जयवंता आहेच की! हेच माझ्या बाबतीत म्हणत होती. शामी आहेच की. मी जीव तोडून ओरडले आज. आई, ती अकरा वर्षांची आहे! आई क्षणभर गोंधळली. खरंच गोंधळली, आठवायचा प्रयत्न केल्यासारखी. मग म्हणाली, "एवढी झाली काय?"

बाबांनी बाहेरून हाक मारली. गेली.

९ फेब्रुवारी

गाठोडी बांधली. जयवंताला म्हटलं, तू येतेस माझ्यासोबत. म्हणाली, "अन् बैल आले तर पाणी कोण दावीन?" म्हटलं, बाबा दावतील! तिला पटलं नाही. पण उद्याचा डबा तिनंच बांधून ठेवलाय.

सासूबाईंना काय सांगायचं? आई आजारी आहे, सांगू? घरात साथ आली, सांगू? नवव्या महिन्यात माहेराहून परत आलेली सून — लोक तोंडात शेण घालतील. सासूबाईंनी दारातून परत पाठवलं तर मग कुठं जायचं?

१० फेब्रुवारी. पारशिवनी

किल्ली यमुताईंकडे दिली. सांगितलं, आईला म्हणावं, दोघी पारशिवनीला गेलो. यमुताईंनी का म्हणून विचारलं नाही. जयवंताच्या हातावर दोन भाकरी ठेवल्या आणि म्हणाल्या, "लय आधी जायला पाह्यजे होतं वं तू."

मोटारीत प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत. जयवंतानं दोन्ही हातांनी माझं पोट धरून ठेवलं होतं, सगळा रस्ता.

सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. सूप हातातच राहिलं. "हे काय? काहून आली वं? कोणी मेलं काय?"

साथीची गोष्ट पाठ करून आले होते. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, आई, मला माहेर नाही.

"म्हंजे? आई-बाप हायेत ना?"

आहेत, म्हटलं. दोघंही धडधाकट आहेत. मी तुमच्याशी खोटं बोलत आले. लाडूसुद्धा खोटे होते! न्हाणीतला तो डागही सांगून टाकला. आणि जे रडू आलं ते आवरेना. अंगणात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, मोठ्या पोटाची बाई भोकाड पसरून रडते — काय शोभा!

सासूबाई जयवंताकडे बघत होत्या. उसवलेल्या पोलक्याकडे, पायाच्या भेगांकडे. मग एकदम माझ्यावरच डाफरल्या. "दीड वर्ष झालं घरात येऊन, अन् आता सांगतं? मी काय वाघीण आहो? डाग लागला तेव्हा काही झालं असतं म्हंजे? बुद्धी चराले गेली होती तुही!" शेजारीण कुंपणाशी आली होती, तिलाही ऐकवलं, "सून माही हाय, बाळंतपण माह्या घरी. तुमचं काय चाललं इथं?"

मग सूप खाली ठेवलं नि म्हणाल्या, "पाय धुवा दोघी."

१४ फेब्रुवारी

नागपूरहून कोणी आलं नाही. आई परतली असणार आता. यमुताईंनी सांगितलंच असेल.

जयवंता पहाटे उठून अंगण झाडते, पाणी भरते. सासूबाई झाडू काढून घेतात. तर ही कोपऱ्यात उभी, हात कुठे ठेवावेत कळत नाही तिला.

मोटारीचा भोंगा वाजला की कुंपणाशी जाऊन येते.

२ मार्च

मुलगी झाली. आम्ही दोघी धड आहोत. गरम पाणी होतं. सगळं होतं.

९ मार्च

ह्यांनी नागपूरला कळवलं होतं, नात झाली. काही नाही तिकडून. मला राग यायला हवा. येतो, पण मोटारीचा भोंगा वाजला की माझाही कान तिकडे जातो. लाज वाटते.

१५ मार्च

नदीपलीकडे शंकरपट आहे. बाबा काल रात्रीच जोडी घेऊन उतरलेत, ह्यांना बाजारात कळलं. मला सकाळपासून धीर नाही. बाळाला नवं झबलं घातलं. जयवंतानं स्वतःच वेणी घातली, गाठोडं दाराशी आणून ठेवलं.

दुपारी आला. बाबा नाही, कवडू. माझ्या खोलीतून अंगणातलं सगळं ऐकू येतं. म्हणाला, मालक मैदानावर हायेत, जोडीपाशी. मालकानं पुसाले धाडलं, जयवंताबाई, तू पाखऱ्याच्या आंबोणात काय टाकत होती? तू आली तवापासून तो धड खाऊनच नाही राहिला.

जयवंता म्हणाली, "काही नाही टाकत होती. त्याचं खाऊन होतवर जवळ बसून राहत होती."

"एवढंच?"

"हाव. एवढंच."

कवडू गेला. ती आत आली आणि गाठोडं सोडायला बसली.