लिंफो वाढल्या का?

बाबा, आई अजून आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि कळवायचं आहे ते एवढंच.

अकोल्याच्या डॉक्टरांकडचा तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघालेली. तुम्ही दोघं चांदूर रेल्वेहून आलेले, मी बडनेऱ्याला गाडीत चढलेली. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पुढे करून सांगतात, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जास्त आहेत, आजाराशी लढणाऱ्या लिंफोसाइट कमी. हे प्रमाण असं असलं की आजार पुढे जड जाण्याची शक्यता वाढते. "पण काका, हा नुसता अंदाज आहे. गाठीचा प्रकार, ती किती पसरली, औषध किती लागू पडतं, हेही पाहावं लागतं." तुम्ही पुढचं ऐकलंच नाही. "म्हंजे लढणाऱ्या कमी हायेत," एवढंच म्हणालात आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलात. मग केमो सुरू झाली. दर खेपेला रिपोर्ट मी उघडायच्या आत तुमचं सुरू, "लिंफो वाढल्या का?" वांग्याचं वावर गड्यावर टाकून तुम्ही घरी तिच्यासाठी डाळिंबं सोलत बसायचात. आई चिडायची, "मेली नाही मी अजून! काहून असे पाहून राहिले माह्याकडं?" तुम्ही गोठ्यात निघून जायचात.

खांदा दुखतो म्हणत होतात. मी लॅबमध्येच म्हटलं होतं, "बाबा, तुमीही तपासून घ्या." "माह्यं रक्त कायले? मले काय झालं?" आम्हालाही वाटलं, पोती उचलून दुखत असेल. आईचे केस पुन्हा उगवू लागले होते, त्याच हिवाळ्यात वांगी तोडता तोडता तुम्ही वावराच्या कडेला धुऱ्यावर बसलात, ते उठलाच नाहीत. हार्ट अटॅक. आई तुमच्या पायाशी बसून एकच म्हणत होती, "जाणार तं मी होती न?"

आता ती माझ्याकडे राजापेठेत असते. मागच्या तपासणीला तिनंच डॉक्टरांना विचारलं, "माह्या लिंफो कशा हायेत?" "चांगल्या आहेत, आजी." बाहेर बाकावर येऊन ती खूप रडली. "हे त्याहिनं ऐकाले पायजे होतं," म्हणाली.

हा कागद मी तिच्या हाती लागू देणार नाही. ती झोपते ती मागची खोली मी केमोच्या त्या दिवसांतच रंगवून घेतली होती. आई गेल्यावर तुम्हाला इथे आणायचं, म्हणून.