रिकामा परत आलेला डबा

॥ श्री ॥
४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र रागाने लिहिते आहे, तेव्हा खुशालीचं आधी उरकून घेते. मी बरी आहे. घर जागेवर आहे. बरा नाही तो तुझा दादा, आणि त्याला कारण तुमचं संशोधन.

तुमच्या आहार-केंद्राची गाडी रोज सकाळी दोन्ही वेळच्या जेवणाचा बंद डबा दाराशी ठेवते आणि आदल्या दिवशीचा घेऊन जाते. मोजूनमापून शिजवलेलं अन्न, तेल थेंबभर, गोड नाहीच. हे खाऊन मधुमेह काबूत येतो का, पुढे हृदयाला असलेला धोका टळतो का, ते तुम्हाला बघायचंय. बघा बापडे. पण माझ्या नवऱ्याकडेही कोणीतरी बघा की! सदऱ्याच्या गळ्यातून मान अशी वर आली आहे, जणू कुंडीत रोवलेली काठी. दुकानात चष्म्याची काच घासताना हात थरथरतात. परवा एका मास्तरीणबाईंना डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. जन्मात या माणसाने असं केलं नव्हतं. आणि काल तर घाम सुटून दुकानातच खाली बसले. शेजारच्या घड्याळवाल्याने साखरपाणी पाजलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

केंद्रातली ती टापटीप आहारवाली मात्र खूश. म्हणाली, काकांचं वजन सगळ्यांत छान उतरलंय, साखर तर बघत राहावी अशी. मी म्हटलं, बाई गं, पोत्याला भोक पडलं तरी वजन उतरतंच. ती हसली. त्या हसण्याचा मला इतका संताप आला की देवापुढे बसले तरी जप पुनःपुन्हा चुकत होता.

तू शाळेत असल्यापासून माझ्या हाताखाली वाढलास, म्हणून विचारते. प्रयोगाला तुला सख्खा भाऊच मिळाला का रे? उलटटपाली उत्तर हवं. गोडगोड नको, खरं हवं.

तुझी वहिनी


१० फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत उघडलं. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, घरी कोणी गेलं का. इतका माझा चेहरा झाला होता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दादाने नाव आपण होऊन घातलं. मी नको म्हणालो होतो. तुमचं केंद्र माझ्या हाताखाली नाही. माझ्याकडे सगळ्या केंद्रांचे नुसते आकडे येतात, त्यांना नावं नसतात. तरी तुझ्या पत्रानंतर फोन करून चौकशी केली. परत आलेल्या डब्यात काय उरलं ते रोज वजन करून लिहितात. दादाच्या डब्यात काहीही उरत नाही. म्हणजे तो पोटभर जेवतो आहे. वजन उतरावं हाच तर या आहाराचा हेतू. थरथर वयाची असेल. घाम म्हणशील तर दुकानातला पंखा तू काटकसरीपायी बंद ठेवायला लावतेस, तो आधी सुरू कर.

राग मानू नकोस, किंवा मान. तू मानलाच आहेस. तुझं भांडण दादाच्या तब्येतीशी नाही, डब्याशी आहे. जे तुझ्या हातचं नाही ते अन्नच नव्हे, असं तुझं पहिल्यापासूनचं मत. कृपा करून त्याला चोरून काही खाऊ घालू नकोस. पुढच्या महिन्यात आमचे मोठे सर संशोधनाच्या समितीपुढे निष्कर्ष मांडणार आहेत आणि त्यांच्या नावाखाली पहिल्यांदाच माझं नाव असणार आहे. घरातूनच त्यात खडा पडायला नको.

दादाला नमस्कार.

तुझा,
धाकटा


॥ श्री ॥
१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद. ते तेवढे माझ्याकडून नेहमीचे, बाकी काही नाही.

डबा रिकामा म्हणजे पोट भरलेलं, हे तुला कुठल्या पुस्तकात शिकवलं? डबा मी रिकामा करते. वाचलंस? मी.

पहिल्याच आठवड्यात यांनी जेवण उरवलं, तर त्या आहारवालीने चारचौघांत शाळेतल्या पोरासारखं बोलून घेतलं. उरवणाऱ्यांची नावं काढून टाकावी लागतील म्हणाली. एवढंसं तोंड करून घरी आले. तरी पुढेही रोज अर्धं टाकून उठायचे. पोट भरलं म्हणायचे आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर बसायचे. अन्न कचऱ्यात टाकणं माझ्या हातून होत नाही. मेल्यावर देवाला तोंड दाखवायचं आहे मला. शिवाय तुझ्या कामात घरचाच माणूस नापास व्हावा, हेही बरं दिसलं नाही. मग उरलेलं मी खायची आणि डबा स्वच्छ धुऊन ठेवायची. सांगितलं का नाही म्हणशील, तर मला विचारलं कोणी? तुमची माणसं डब्याला विचारतात, डबा काय बोलणार! मला मात्र ते अन्न चांगलंच मानवलं, हे लिहायची लाज वाटते.

आता पुढचं नीट वाच. परवा हे पुन्हा कोसळले, या खेपेला न्हाणीघराच्या दारात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोट टोचून साखर पाहिली आणि माझ्यावर असे ओरडले की जिन्यात माणसं जमली. मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण आणि जेवण अर्धं, असं चाललं तर हा माणूस एक दिवस झोपेतून उठायचा नाही, असं म्हणाले. ते माझ्यावर ओरडले, मी तुझ्यावर ओरडते. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. डबा मी बंद केला. गाडीवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

मी घाबरले आहे रे. घाबरले की मला भांडण सुचतं, ते तुला ठाऊक आहे.

तुझी वहिनी


२४ फेब्रुवारी

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून आधी तुझाच राग आला. केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या नाहीत, कारण समोरच्या कागदावर जेवण पूर्ण होतं. ते पूर्ण तू केलं होतंस. मग माझं स्वतःचं उत्तर आठवलं. भाऊ दुकानात घामाने भिजून खाली बसतो आणि मी त्याला पंखा लावायला सांगतो! तेव्हापासून माझा राग माझ्यावर आहे.

तुमच्या केंद्रातून नावांची यादी मागवून इतर घरांना मी स्वतः फोन केले. डबा कोण संपवतं, विचारलं. जो तो म्हणे, मीच. मग मी सांगितलं की आमच्याकडे वहिनी संपवते. पलीकडून हसू आलं आणि हळूहळू सगळं बाहेर पडलं. कुठे बायको खाते, कुठे नातू. एका घरी शेजारीण जेवायलाच येते. एक गृहस्थ कुत्र्याला घालतात, कारण आहारवालीची बोलणी त्यांना सोसत नाहीत. साखर उतरली आहे ती आमच्या अन्नाने की उपासाने, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

मोठ्या सरांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, तुझ्या भावाचा आकडा वगळ, बाकीचे राहू दे. लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावणं आपलं काम नाही. वहिनी, मी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांवर आवाज चढवला. म्हटलं, हे छापून आलं की डॉक्टर लोक वाचतील, गोळ्या तशाच ठेवून हा आहार सांगतील आणि कुणाच्या तरी घरात असाच माणूस कोसळेल. सर म्हणाले, ओरडण्याआधी आपल्या नावाचा विचार कर. ७ मार्चला समिती आहे. मी काय करीन ते मलाच कळत नाही.

एक राहिलं. सगळ्यांना विचारलं, दादालाच विचारलं नाही. तो अर्धं का टाकत होता? मी फोन केला की बरा आहे म्हणतो आणि ठेवून देतो.

तुझा,
धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, ते तुझ्या वहिनीचं खातं. पण तुम्ही दोघं माझ्या पोटावरून असे भांडता आहात, जणू मी घरात राहतच नाही. म्हणून एकदाच लिहितो.

अन्न वाईट नव्हतं. भूकही लागायची, चांगली कडकडून. पण डबा सुरू झाला त्या दिवसापासून तुझ्या वहिनीने स्वयंपाक बंद केला. एकट्या जिवासाठी कशाला गॅस जाळायचा म्हणे. चहात पाव बुडवून खायची आणि जेवण झालं सांगायची. मी बोललो असतो तर तिने वाद घालून मलाच गप्प बसवलं असतं. उरलेलं मात्र ती टाकणार नाही, एवढं मला पक्कं माहीत. म्हणून अर्धं ठेवून उठायचो. ती जेवते आहे हे दिसत होतं, तेवढं मला पुरे होतं. गोळ्यांचं काही माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल हे तिला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. भांडी मात्र फार मोठ्याने घासते.

तुमच्या लोकांनी माझं वय लिहिलं, वजन लिहिलं, आईवडिलांची दुखणी लिहिली. घरात आणखी कोण जेवतं, ते विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खोटंच बोललो असतो. सरांना सांगायचं तर हेही सांग. अर्धं सांगू नकोस.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. तू समितीपुढे सगळं बोललास, निष्कर्षावरून आपलं नाव काढून घेतलंस, समितीने छपाई थांबवून प्रयोगातल्या सगळ्यांच्या गोळ्या तपासायला लावल्या. आणि सरांनी तुला तळघरात रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. त्या सरांचा पत्ता पाठव. मला त्यांना खूप काही लिहायचं आहे, आणि पोस्टाची तिकिटं घरात आहेत.

तुझ्या दादाशी मी परवापासून बोलायला लागले, ते भांडायला. इतकी वर्षं एका छताखाली काढली आणि या माणसाला, तू जेव, एवढे दोन शब्द तोंडाने म्हणता येऊ नयेत? जीव गेला असता ना! त्यावर हे म्हणाले, तूही कधी विचारलं नाहीस, का उरवता म्हणून. खरं आहे. पण ते मी त्यांच्यापुढे कबूल करणार नाही, तूही सांगू नकोस.

डॉक्टरांनी दिलेल्या पथ्याप्रमाणे आता दोघांचा स्वयंपाक एकच करते. त्यांचं ताट संपेपर्यंत मी बघते, माझं संपेपर्यंत ते बघतात. दोन हवालदार समोरासमोर बसवावेत, तसं आमचं जेवण चालतं. साखर ठीक आहे.

तू रविवारी जेवायला ये. तळघरातून सुट्टी मिळत नसेल तर तेही मला कळव, त्या सरांच्या पत्रात तेवढी ओळ वाढवीन.

राग अजून गेलेला नाही. तुझ्यावरचा, यांच्यावरचा, माझ्यावरचा. सध्या तोच लोभ समजून घे.

तुझी वहिनी