गरजवंतांची यादी

बेंबळी, ता. ४ जुलै १९७४

तीर्थस्वरूप अण्णांना धाकटा चुलतभाऊ मार्तंड याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? कॉलेजच्या कचेरीचा जिना रोज चढावा लागतो असं लिहिलं होतंत, तेव्हापासून आम्हांला घोर लागला आहे. इकडं पाऊस नाही, बाकी खुशाल.

तुमच्या पत्रातला मुद्दा मात्र मला साफ नामंजूर आहे. गरीब-श्रीमंत न बघता सरकारनं सगळ्यांनाच कॉलेज मोफत करावं, असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, गरज असेल त्यालाच द्यावं. गरज ओळखायला नजर लागते, आणि ती आमच्या दूध सोसायटीकडं आहे. (सेक्रेटरी मीच.) यंदा सोसायटीनं गावातल्या दोन मुलांचा कॉलेजचा खर्च उचलायचा ठराव केला आणि घरोघरची पाहणी माझ्याकडं आली.

पाहणीच्या दिवशी अख्खं गाव एका फटक्यात गरीब झालं. किराणावाला बसप्पा गड्याची फाटकी बंडी घालून बसला होता. (ती त्याला पोटावर येईना.) आमचे चेअरमन नानासाहेब यांनी मोटारसायकल कडब्यात पुरली होती; मागचं चाक बाहेर राहिलं होतं, ते मी बैलगाडीचं समजलो. त्यांच्या घरी बसायला खुर्ची नाही, चहा आला तो पितळीतून. मला भडभडून आलं. मग हरणाबाईकडं गेलो. ही बाई नवऱ्यामागं दुष्काळी कामावर खडी फोडते, आणि तिची प्रेमला यंदा मॅट्रिकला शाळेत पहिली आली. पण घर सारवलेलं, बाईच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं, मला बसायला हातांची खुर्ची आणि चहाला फुलाफुलांची कपबशी. बाई शेवटपर्यंत उभी. म्हणाली, "पोरीच्या शिक्शनासाठी आलात जी, तुमास्नी भुईवर कसं बसवू?" मी वहीत लिहिलं, स्थिती उत्तम, मदतीची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांच्या मथुराबाई डेअरीवर आल्या. म्हणाल्या, "सेक्रेटरी, तुमी येनार म्हनून हरणाबाईनं आमची खुर्ची आन् कपबशी नेलीया. तुमचं झालं असंल तर माघारी धाडा म्हनावं."

तरीही अण्णा, तत्त्व माझंच बरोबर आहे. खुर्ची तेवढी चुकीच्या घरात होती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मार्तंड

ता. क. : सोसायटी कुणाची फी भरणार ती यादी परवाच एस.टी.नं तुमच्या कॉलेजच्या कचेरीत पोचली असेल. ती शनिवारपर्यंत प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलावर जाऊ देऊ नका. तिच्यात दोनच नावं आहेत. पहिलं नानासाहेबांच्या सिद्धेश्वरचं, दुसरं आमच्या लेकीचं, नीलाचं. (माझ्या घराची पाहणीही मलाच करावी लागली, आणि मला माझी फार दया आली.)

आणखी ता. क. : काल हरणाबाई खुर्ची डोक्यावर घेऊन परत द्यायला निघाली होती. वाटेत थांबून तिनं विचारलं, "सायेब, पोरीचं नाव कितवं हाय जी?" मला फार लाज वाटली. सिद्धेश्वरचं नाव खोडायची माझी छाती नाही. नीलाचं खोडा आणि तिथं प्रेमलाचं घाला.

आणि ते तुमचं सगळ्यांसाठी मोफत कॉलेज नक्की कधी सुरू होणार, हे उलट टपाली कळवा. नीलाला मी अजून काही सांगितलेलं नाही.