मागावर न बसलेला पाय

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलोय. पण सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. वडगावच्या आपल्या घरात खड्ड्यातल्या मागावर तुम्ही दिवसभर बसायचात, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. तुमचा उजवा पाय गुडघ्याखाली पुढं वाकत गेला. सगळी आळी म्हणायची, विणकराचा पाय, वाकणारच. मी तेल चोळायला बसलो की ती नडगी तापलेली लागायची, बाकी अंग गार. "दिसभर पावडी हाणतोय, तापंल न्हाय तर काय हुईल?" तुम्ही म्हणायचात, आणि मला ते पटायचं.

म्हणून तर तुम्ही मला मागाला शिवू दिलं नाही. एकदा तुम्ही जेवायला उठलात आणि मी गुपचूप खड्ड्यात उतरलो. चार बोटं लुगडं विणलं असेल नसेल, तुम्ही कान धरून वर काढलंत. "माझ्यागत लंगडायचंय व्हय रं? शाळंत जा, खुर्चीवर बस!" केवढा संताप आला होता मला! मला मागच हवा होता. चुलतभाऊ विणायला बसला आणि मी पाटी घेऊन रडत शाळेत गेलो. पुढं निपाणीत मास्तर झालो. आयुष्यभर खुर्चीवर बसलो.

आणि आता माझी उजवी नडगी वाकतेय. तशीच, पुढं. हात लावला तर तापलेली. बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "मास्तर, जुनं हाड झिजतं, नवं भरतं, हे सगळ्यांचंच चालू असतं. तुमचं लई घाईनं चाललंय, वेडंवाकडं. म्हणून दिसायला जाड, पण आतनं कच्चं." मी विचारलं, मागावर बसून होतं का हे? "मागाचा काय संबंध?" म्हणाले. काही घरांत बापाचं लेकरात उतरलेलं दिसतं, औषध नाही. परतताना मोटारीत मी तुमच्यावर नुसता चरफडत होतो. हातातोंडाशी आलेला माग फुकट हिरावलात म्हणून. संकेश्वर मागं पडलं आणि मला एकदम रडूच कोसळलं. तुम्ही बिचारे मला मागापासून वाचवत होता, आणि ते तर तुमच्याच हाडात होतं.

आता रात्रंदिवस तीच धास्ती. माझ्या पायाचं काय, चाललंय तसं चालंल. पण लेक दहा वर्षांची आहे. तिच्या आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

हे पत्र टाकणार तरी कुठं? वहीतच राहील, आणि वही कुलपात. काल लेकीनं विचारलं, "आप्पा, आज्जाचा पाय कशानं वाकडा झालता वो?"

"मागानं," मी म्हणालो.

"मग तुमचा?"

 पाणी आण जा, म्हणून तिला पिटाळलं. तहान लागली नव्हती, अण्णा. परकर खोचून ती आत गेली आणि मी तिच्या पायांकडं बघत राहिलो.