पंगतीतलं काम, वाढप्याचं काम

जळगाव, ४ जानेवारी १९९३

संगणकाच्या खोलीबाहेर बूट काढायचे. यंत्राला धूळ सोसत नाही म्हणे! जळगावात जन्मलेल्या माणसांना सोसते, त्याला नाही. माझ्या डाव्या मोज्याला भोक. गणिताच्या प्राध्यापकाचा अंगठा आज साऱ्या विभागाने पाहिला. या अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी.

७ जानेवारी

भूजलाचं गणित एका यंत्राला झेपेना. अर्धं इथे, अर्धं धुळ्याच्या कॉलेजात. फ्लॉप्या एस.टी.ने जाणार. कुठलं काम कधी चालवायचं, ही वर्गवारी माझ्याकडे. दोन वर्ग पाडले: पंगत आणि वाढपी. पंगतीतली कामं एकदम बसतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. वाढप्याने मात्र सगळ्यांचं उरकल्यावरच बसायचं. लोक खूश. मी तर फारच!

२ फेब्रुवारी

धुळ्याला बैठक. तिथल्या मंजू ललवाणी बाईंनी कोरड्या ठणठणीत बोदवडकडच्या विहिरींची पातळी मांडली — त्यांच्या प्रबंधाचा गाभाच तो. यंत्राच्या मते विहिरी काठोकाठ! मी म्हणालो, "बाई, एवढं पाणी असेल तर बोदवडला बंदर बांधू." हशा. त्या खाली बघत कागद आवरू लागल्या. "पुन्हा तपासते, सर." त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, "मग यंदा प्रबंध राहू द्या."

परतताना एस.टी.त माझीच कोटी आठवून हसलो.

९ फेब्रुवारी

विहिरींचं गणित मी पंगतीत बसवलं होतं. ते वाढपी! गेल्या पावसाळ्याचे आकडे इथून आधी जायला हवे होते. धुळ्याचं यंत्र थांबलं नाही — मी थांब म्हटलंच नव्हतं. तिथे पडलेले कुठल्याशा धो-धो सालचे आकडे घेऊन मोकळं झालं.

चूक बाईंची नव्हती.

१० फेब्रुवारी

धुळ्याला फोन केला नाही. लाईन नादुरुस्त असेल, असं ठरवून टाकलं.

११ फेब्रुवारी

कोटी माझ्याआधी इथे पोचलीय. आमचा शिपाई भिका विचारतो, "सर, ती बंदरवाली बाई कोन शे?"

मी घड्याळात पाहिलं. नालायक माणूस मी!

१५ फेब्रुवारी

धुळे. सगळ्यांसमोर उभा राहिलो. "ते बंदर माझं. वर्गवारी चुकली, बाईंचं गणित नाही." हसतील म्हणून तयारीत होतो. टाळ्या वाजल्या! "केवढा मोठेपणा, सर!" प्रबंध यंदाच द्यायचा ठरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी, तिथेच

व्हरांड्यात बाई म्हणाल्या, "चूक कुठे झाली ते मला त्याच आठवड्यात सापडलं होतं, सर. बोलले असते तर तुम्ही अजून एक कोटी केली असती."

पुढच्या बैठकीतलं पहिलं भाषण माझं होतं. आत जाऊन यादीत माझं नाव खोडलं, तिथे त्यांचं घालून आलो. कुणाला काही बोललो नाही.