ग्राहकाशी बोलणे झाले

बाई, तुम्ही शिकवलेल्या मराठीवर मी गेली काही वर्षं पोट भरते आहे, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही हयात होतात तेव्हा असलं काही काम असतं हेच आपल्या कडेगावात कुणाला माहीत नव्हतं. मी आता सांगलीत राहते आणि घरातल्याच एका खोलीत कानाला हेडफोन लावून बसते. लोकांचं इंटरनेट बंद पडलं की ते कंपनीला फोन करतात, मराठीसाठी सांगितलेलं बटण दाबतात, गाणं ऐकत थांबतात, आणि तो फोन फिरत फिरत माझ्यासारख्या कुणाकडे तरी येतो. मी नमस्कार म्हणते, गैरसोयीबद्दल क्षमा मागते, तक्रार नोंदवून घेते. दुरुस्त मी काहीच करत नाही. दुरुस्त करणारी माणसं वेगळी, ती कुठे बसतात हे मलाही ठाऊक नाही. लोकांना मात्र वाटतं की मी त्यांच्याच तालुक्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसलेय आणि मुद्दाम उठत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत मला एक उतारा वाचायला दिला होता. वाचून झाल्यावर पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुम्ही पुण्याच्या का? मी कडेगावची म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. तेव्हा तुमचं भाड्याचं घर आठवलं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून गवारीच्या शेंगा मोडताय आणि मी ओट्याशी उभी राहून धडा वाचतेय. त्याच दिवशी सकाळी स्नेहसंमेलनाच्या तालमीत मी माईकवर 'आमी समद्यांचं स्वागत करतो' म्हणाले होते आणि तुम्ही सगळ्या वर्गादेखत माईक काढून दुसऱ्या मुलीच्या हातात दिला होता. संध्याकाळी मला घरी बोलावलंत. रागावला नव्हतात. फडताळातून तळहाताएवढा आरसा काढलात, माझ्या तोंडासमोर धरलात आणि म्हणालात, 'आम्ही म्हण. म्ह म्हणताना काचेवर वाफ आली पाहिजे.' मी 'आमी' म्हणते, तुम्ही मान हलवता, मी पुन्हा म्हणते. 'तू काय बोलतेस ते लोक नंतर ऐकतात, कशी बोलतेस ते आधी,' असं तुम्ही त्या दिवशी म्हणालात. जाताना तो आरसा मला देऊन टाकलात. घरी आई बापाला सांगायची, पोरगी रेडिओगत बोलाय लागली. तिला त्याचं कौतुकच होतं.

या उन्हाळ्यात उंब्रजच्या बाजूच्या एका खेड्यातून फोन आला. माणूस म्हातारा, फौजेतून निवृत्त झालेला. 'मी तिसऱ्यांदा रिपोर्ट देतोय,' अशीच त्यानं सुरुवात केली. घरातलं नेट बंद होतं. तक्रार केली की कंपनीचं कुणी यायचं नाही आणि चार दिवसांनी तक्रार आपोआप बंद व्हायची. मी त्यांचं खातं उघडलं. खरंच तसं होतं. आमच्याकडे नियम असा, की तक्रार इतक्या वेळा बंद झाली असेल तर ती पुन्हा उघडायला ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांनी स्वतः फोनवर संमती द्यायची. त्याचं रेकॉर्डिंग होतं. कनेक्शन त्यांच्या बायकोच्या नावावर होतं. मी म्हटलं, कृपया फोन त्यांच्याकडे द्या.

"आवं ताई, ती बोलत न्हाई."

मी विचारलं, त्या आत्ता घरी नाहीत का?

"घरी हाय. हितं माझ्या शेजारीच बसलीय. तिला जन्मापासनं ऐकू येत न्हाई, बोलता बी येत न्हाई. नेट तिच्यासाठनंच घेतलंय, म्हणून तिच्या नावावर."

अशा वेळी काय म्हणायचं ते आमच्या पडद्यावर लिहून ठेवलेलं नाही. जे लिहिलेलं असतं तेच मी म्हणाले, की आपली अडचण मी समजू शकते, परंतु नियमानुसार खातेदाराचा तोंडी दुजोरा आवश्यक आहे. शब्द स्वच्छ होते. तुम्ही ऐकलं असतंत तर एकही अक्षर सुधारावं लागलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमी माणूसच बोलताय का ही रेकॉर्ड हाय?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी ग्राहक सेवा प्रतिनिधी बोलत आहे, असं मी सांगितलं आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या फोनची वाट बघताना मी त्या बंद झालेल्या तक्रारी एकेक उघडून पाहिल्या. प्रत्येकीत तेच. तक्रार सुटली का हे विचारायला कंपनीचं यंत्र खातेदाराच्या मोबाइलवर फोन करतं. सुटली असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा. कुणी काहीच बोललं नाही तर यंत्र समजतं की माणसाला आता तक्रार नाही. त्या घरात काय होत असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्यांच्या बायकोच्या हातातला फोन थरथरतो. त्या तो उचलतात, पण कानाला लावत नाहीत. पडद्याकडे बघत राहतात, कुणाचा तरी चेहरा दिसेल म्हणून. आत यंत्र बोलून थांबतं, वाट बघतं आणि तक्रार बंद करून टाकतं.

पंधरा-एक दिवसांनी तेच गृहस्थ पुन्हा माझ्या वाट्याला आले. असं क्वचित होतं. त्यांनी मला ओळखलं नाही, आमचे आवाज त्यांना सारखेच वाटत असणार. राग त्यांच्याकडे आता उरला नव्हता. पाठ केल्यासारखं त्यांनी सगळं सांगितलं, आणि या वेळी आणखी थोडं. बायकोची धाकटी बहीणही तशीच, मुकी आणि बहिरी. कडेगावकडं दिलेली. दोघींनी लहानपणी आपल्या आपण खुणा बसवल्या होत्या, त्या त्यांच्या आईलासुद्धा पुऱ्या कळायच्या नाहीत. नेट घेतल्यापासून दोघी रोज दुपारी पडद्यावर समोरासमोर बसून बोलायच्या. गाव खोलगटात, मोबाइलवर चित्र अडकतं, आणि अडकलेल्या चित्रात हात दिसत नाहीत. आता ती धाकटी पडून कंबर मोडून घेतलेली.

"ती तिकडं हातरुणात, आन ही हितं रोज दुपारी फोन मांडीवर घिऊन बसती. मी किती सांगू तिला, की आज बी लागत न्हाई?"

बाई, मी ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघालं ते असं: "आवं आबा, फोन जरा आक्कांच्या तोंडापाशी धरा."

मग त्यांनी विचारलं, "तुमी कुठल्या म्हणायच्या?"

"कडेगावची."

"मग मघापासनं असं का बोलत हुता?"

"नोकरी हाय, आबा."

ते पहिल्यांदा हसले. मी नियमातला प्रश्न नियमातल्या भाषेत वाचला, की आपल्या नावावरील तक्रार पुन्हा नोंदवण्यास आपली संमती आहे का. ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही हे माहीत असताना वाचला. ते तिला खुणेनं सांगत असावेत, कारण मधे मला काही ऐकू येत नव्हतं. मग बांगड्या वाजल्या. जोरजोरात आणि बराच वेळ वाजल्या, एखादी बाई भांडते तशा. मग अगदी जवळ श्वास आला आणि त्यामागून गळ्यातला एक आवाज, ओबडधोबड, शेवटी उंच गेलेला. त्याला अक्षर नव्हतं. मी रकान्यात लिहिलं, ग्राहकाशी बोलणे झाले, संमती मिळाली. तांत्रिक विभागासाठीच्या जागेत मोठ्या अक्षरांत टाकलं की खातेदार मूकबधिर आहेत, यंत्रानं फोन करू नये, माणूस घरी पाठवावा.

आठवडा व्हायच्या आत वरच्या साहेबांनी मला ऑनलाइन बोलावलं. वयानं माझ्याहून लहान, बोलायला नम्र. त्यांनी ते रेकॉर्डिंग मला ऐकवलं आणि विचारलं, यात संमती कुठे आहे? मी म्हटलं, त्या हो म्हणाल्या. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. त्यांनी तो तुकडा पुन्हा एकदा लावला, बांगड्यांपासून. नंतर म्हणाले की एवढं मी सोडूनही दिलं असतं, पण तुम्ही ग्राहकाशी ज्या भाषेत बोललात ती कंपनीची भाषा नाही. बाई, त्यांच्या जागी तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात, असं मला तेव्हा वाटलं. त्यात कडवटपणा नव्हता, नुसतं वाटलं. मला बोलण्याच्या कामावरून काढून चॅटवर टाकलं. आता मी लिहिते. लोक तिकडून टाइप करतात, मी इकडून टाइप करते, आणि माझ्या तोंडातून दिवसभर एक शब्द बाहेर पडायची गरज नसते.

दुरुस्ती झाली की नाही हे मला कुणी कळवणार नव्हतं. 'निराकरण झाले' या शिक्क्यावर माझा विश्वास नाही, तो कसा पडतो हे मी पाहिलंय. पण चॅटच्या कामातही खाती दिसतात, आणि कुठल्या तासाला किती नेट वापरलं गेलं त्याच्या उभ्या रेघा दिसतात. महिनाभर त्या खात्यावर काही नव्हतं. मग एका दुपारी एक रेघ उमटली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याहून उंच. तेव्हापासून रोज दुपारी आहे. त्या दोघी काय बोलतात ते कुणालाच दिसत नाही, फक्त बोलतात एवढं दिसतं. मला एवढं पुरतं. साहेबांना मी काही सांगितलं नाही.

हे लिहून कुठं पाठवायचं नाही, ते तुम्हालाही कळतं. मी इथं थांबले असते तर तुमची विद्यार्थिनी बरी निघाली असं कुणालाही वाटलं असतं. पण गेल्या आठवड्यात आमच्याच घरचं नेट गेलं. माझी कामाची वेळ चुकत होती. आमचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं. गाणं ऐकून ऐकून शेवटी एक मुलगी बोलली, नवीन असावी, वाक्य वाचत होती, फार स्वच्छ. तिच्या हातात काहीच नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरीही मी तिच्यावर ओरडले, आपल्या गावच्या सगळ्या शब्दांनी ओरडले, ती क्षमा मागत राहिली तरी थांबले नाही. फोन ठेवल्यावर, बाई, मला बरं वाटलं.